३५ कसे आले?

जूनच्या मध्यावर शाळा उघडू लागल्या की ‘आधुनिक शिक्षण’ हे शब्द रस्तोरस्तीच्या फलकांवर दिसू लागतात. खासगी शाळा डिजिटल वर्ग, टॅब आणि कृतियुक्त शिक्षणाची जाहिरात करतात. जिल्हा परिषदेच्या शाळाही मागे नाहीत. लोकवर्गणीतून घेतलेला मोठा टीव्ही, बोलक्या भिंती, फरशीवर रंगवलेले अक्षरांचे चौकोन यांचे फोटो गावाच्या व्हॉट्सॲप गटावर अभिमानाने फिरतात. हा अभिमान रास्त आहे. मुलांना शाळेत यावेसे वाटणे ही लहान गोष्ट नाही, आणि त्यासाठी पदरमोड करणारे शिक्षक राज्यात पुष्कळ आहेत. तरीही पालकांनी, गावाने आणि शिक्षण खात्याने वर्ग पाहताना एवढ्यावर थांबू नये. मुलाने चुकीचे उत्तर दिले की त्यानंतरच्या मिनिटभरात त्या वर्गात काय घडते, हे पाहावे. शिकवण्याची पद्धत जुनी की नवी, याचा निकाल बहुतेक वेळा तिथेच लागतो.

एक साधे गणित घेऊ. तिसरीतली मुलगी ५२ मधून २७ वजा करते आणि उत्तर लिहिते ३५. वहीवर लाल फुली येते, ‘पुन्हा सोडव’ असा शेरा येतो. ती पुन्हा सोडवते आणि पुन्हा ३५ लिहिते. बाईंना वाटते, लक्ष नाही. घरी आईला वाटते, गणित कच्चे आहे. ‘बाळा, हे ३५ कसे आले ते मला सांग,’ असे कोणी विचारले तर ती अगदी नीट सांगते: ‘सातातून दोन गेले, उरले पाच. पाचातून दोन गेले, उरले तीन.’ तिने एकही वजाबाकी चुकवलेली नाही. मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा नियम तिने स्वतः बांधला आणि तो प्रामाणिकपणे पाळला. पहिली-दुसरीत हातच्याशिवायची जी शेकडो गणिते तिने सोडवली, त्या प्रत्येक वेळी हा नियम तिला बरोबर उत्तर देत आला होता. मग तिने तो का सोडावा?

अशा चुका योगायोगाने होत नाहीत, हे संशोधकांनी फार पूर्वी दाखवले आहे. अमेरिकेत जॉन सीली ब्राऊन आणि रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये मुलांच्या वजाबाकीतल्या चुकांचा बारकाईने अभ्यास मांडला. निष्काळजीपणाच्या वाटणाऱ्या बऱ्याच चुकांमागे मुलाची एक ठरलेली रीत असते, आणि ती ओळखता आली तर पुढच्या गणितात ते मूल काय चुकीचे उत्तर लिहील हेही आधी सांगता येते, असे त्यातून दिसले. त्याच्या दहा वर्षे आधी डेव्हिड ऑसुबेल या मानसशास्त्रज्ञाने आपल्या शैक्षणिक मानसशास्त्रावरच्या ग्रंथात या सगळ्याचे सार मांडले होते: शिकणाऱ्याला आधीपासून काय ठाऊक आहे ते शोधून काढा आणि त्यानुसार शिकवा. गेल्या पन्नास-साठ वर्षांत अध्यापनाच्या किती पद्धती आल्या आणि मागे पडल्या, पण हा मुद्दा मात्र मागे पडलेला नाही.

आता त्या मुलीसाठी वर्गात काय करायचे? आपल्या शाळांत आइस्क्रीमच्या काड्या आणि रबरबँड असतातच. तिच्यासमोर दहा-दहाचे पाच गठ्ठे आणि दोन सुट्या काड्या ठेवायच्या आणि सत्तावीस काड्या मागायच्या. दोन गठ्ठे ती लगेच काढून देते. सात सुट्या मागितल्या की तिचा हात थांबतो. तिच्याकडे सुट्या दोनच आहेत. या क्षणी शिक्षकाने घाई करू नये. गठ्ठा सोडायचा आहे हे बाईंनी सांगून टाकले तर तिला उत्तर मिळेल, पण तिचा नियम डोक्यात तसाच राहील. थोडा वेळ दिला तर बहुतेक मुले आपणहून रबरबँडकडे हात नेतात. एक दशक सुटा झाला, सुट्या काड्या बारा झाल्या, त्यातल्या सात गेल्या, पाच उरल्या. गठ्ठे दोन उरले. पंचवीस. हे चालू असतानाच शेजारी पाटीवर पाचाला काट मारून चार आणि दोनाच्या जागी बारा लिहिले गेले पाहिजेत. अनेक वर्गांत साहित्य एका तासाला आणि लेखी गणित दुसऱ्या तासाला होते. त्यामुळे काड्या वेगळ्या राहतात, वहीतले आकडे वेगळे राहतात, आणि मूल दोन्ही ‘करून दाखवायला’ शिकते. शेवटी त्या मुलीला तिचे जुने ३५ आणि नवे २५ शेजारी ठेवून विचारायला हवे की सत्तावीस काढून घेतल्यावर पस्तीस उरले असते तर आधी किती काड्या असायला हव्या होत्या. एवढ्या संवादाला फार तर दहा मिनिटे लागतात. त्यासाठी वीज लागत नाही.

मूल काय ऐकते आणि त्यातून काय समजते, हा प्रश्न आपण सार्वजनिक चर्चेत किती सहज बाजूला सारतो, हे २०१९ च्या जूनमध्ये दिसले. बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘बावन्न’ला ‘पन्नास दोन’ असा पर्याय आला आणि विधिमंडळापासून समाजमाध्यमांपर्यंत वादळ उठले. मराठीवर घाला इथपासून थट्टेपर्यंत सगळे झाले. गणित विषयाच्या समितीच्या प्रमुख मंगला नारळीकर पुन्हा पुन्हा सांगत होत्या की लिहिताना दशक आधी आणि बोलताना एकक आधी, याने लहान मुलांची गल्लत होते, जोडाक्षरांचा भार वेगळाच, आणि जुनी नावे कोणी काढून टाकलेली नाहीत. त्यांच्या उपायाशी मतभेद असू शकतो. अनेक अनुभवी शिक्षकांनाही तो पटला नव्हता. पण त्या साऱ्या गदारोळात सहा-सात वर्षांच्या मुलाला ‘बावन्न’ ऐकून २५ लिहावेसे का वाटते, यावर फार थोडे बोलले गेले. भाषेची काळजी करणारे आपण मुलाची अडचण समजून घ्यायला तेवढे उत्सुक नव्हतो, ही खेदाची गोष्ट आहे.

मुलाची अडचण समजून घेऊन शिकवण्याचा विचार महाराष्ट्राला परका नाही. नूतन बालशिक्षण संघाची स्थापना १९२६ मधली. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी माँटेसोरी पद्धती इथल्या मातीत रुजवली. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे ते डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारली मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसल्यावर त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नाहीत हे कळल्यावर शाळा कुरणात भरवली. महागड्या साहित्याऐवजी बिया, शंख, पाने, खडे आले. या कामाची आठवण आपण काढतो ती बहुधा सेवाभावासाठी. त्यातली शैक्षणिक शिस्त मात्र नजरेआड होते. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची, हे या दोघींनी वर्षानुवर्षे काटेकोरपणे पाळले. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी सृजन आनंद विद्यालयात आणि फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी कमला निंबकर बालभवनात हाच धागा आपापल्या पद्धतीने पुढे नेला. बर्नसन यांनी तर मराठी वाचन मुलांना टप्प्याटप्प्याने कसे शिकवावे, यावर अनेक वर्षे काम केले.

सरकारी शाळांतही हे होऊ शकते याचा दाखला सातारा जिल्ह्यातल्या कुमठे बीटमधल्या शाळांनी दिला. विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि त्यांच्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादाचा अभ्यास करून वर्गाची रचना बदलली. मुले गटात बसू लागली, फळे मुलांच्या उंचीला आले, फरशीवर आखणी झाली. राज्यभरातून शिक्षक ते पाहायला येऊ लागले. जून २०१५ मध्ये शासनाने ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम हाती घेतला आणि अशा शाळांच्या भेटी हा शिक्षकांच्या शिकण्याचा महत्त्वाचा मार्ग ठरला. शिक्षकाने शिक्षकाकडून शिकावे ही कल्पना उत्तम होती, आणि त्या काळात अनेक शाळांत खरोखर चैतन्य आले. मात्र भेटीतून जे सहज नेता आले ते पुष्कळ ठिकाणी पोहोचले आणि जे नेता आले नाही ते मागेच राहिले. ऑइलपेंटचे डबे आले, फरशा रंगल्या. कुमठ्याच्या शिक्षकांनी मुलांशी बोलत, चुकत, एकमेकांशी चर्चा करत घालवलेला काळ फोटोत दिसत नव्हता. त्यात दोष भेटायला गेलेल्या शिक्षकांचा कमी आणि ‘किती शाळा ज्ञानरचनावादी झाल्या’ असा आकडा मागणाऱ्या यंत्रणेचा जास्त, असे आमचे मत आहे.

ज्ञानरचनावाद या संज्ञेनेच आणखी एक घोटाळा केला. मूल स्वतः ज्ञान रचते, म्हणून शिक्षकाने काही सांगायचे नाही, असा अर्थ प्रशिक्षणांतून झिरपत गेला. मूल स्वतः ज्ञान रचते हे खरेच आहे. ३५ हे त्या मुलीने रचलेलेच ज्ञान होते. म्हणूनच शिक्षकाची गरज वाढते. नवख्या विद्यार्थ्याला आधाराशिवाय प्रश्नात सोडून दिले तर त्याची बरीच शक्ती चाचपडण्यात जाते. त्यापेक्षा आधी सोडवून दाखवलेली उदाहरणे नीट अभ्यासायला दिली तर तो लवकर आणि पक्के शिकतो, हे ऑस्ट्रेलियातले जॉन स्वेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकापासून प्रयोगांनी दाखवले आहे. तेव्हा सांगणे वाईट आणि करू देणे चांगले, अशी विभागणी टिकत नाही. कधी सांगायचे आणि कधी थांबायचे, हे शिक्षकाने मुलाच्या उत्तरावरून ठरवायचे असते.

पाठांतराचेही तसेच झाले. घोकंपट्टीला विरोध करता करता पाढ्यांनाही आपण अपराधी ठरवले. सात आठे छप्पन्न जिभेवर नसलेले मूल पाचवीत भागाकाराशी झगडते, तेव्हा त्याचे लक्ष भागाकाराच्या रीतीवर राहतच नाही. आधी पाढा कसा तयार होतो ते समजावे आणि मग तो पाठ व्हावा, यात कोणता विरोध आहे? शिकलेले पुस्तक मिटून आठवून पाहिले की ते अधिक टिकते, नुसते पुन्हा वाचल्याने तेवढे टिकत नाही, हे मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिकी यांच्या २००६ मधल्या प्रयोगांत स्पष्ट झाले. तासाच्या सुरुवातीला कालच्या धड्यावरचे तीन प्रश्न पाटीवर लिहून घेणे आणि त्यांना गुण न देणे, एवढ्याने हे साधते. जुन्या गुरुजींची उजळणी दुसरे काय होती? उलट, अमुक मूल पाहून शिकते, तमुक ऐकून शिकते, असे मुलांचे प्रकार पाडून त्यानुसार शिकवावे, ही कल्पना अजूनही प्रशिक्षणांत सांगितली जाते. तिला पुरेसा पुरावा नाही, असा निष्कर्ष २००८ मध्ये हॅरोल्ड पॅशलर आणि इतर मानसशास्त्रज्ञांनी उपलब्ध संशोधन तपासून काढला होता. नवे म्हणून घ्यायचे आणि जुने म्हणून टाकायचे, हा निकष मुलांच्या बाबतीत तरी वापरू नये.

तंत्रज्ञानाबद्दल दोन अनुभव शेजारी ठेवून पाहावेत. पेरू देशाने मुलांना मोठ्या प्रमाणावर लॅपटॉप वाटले. सुमारे सव्वा वर्षानंतर ग्रामीण शाळांत झालेल्या तपासणीत गणित आणि भाषा या दोन्ही विषयांत लक्षणीय फरक आढळला नाही. त्याआधी बडोद्याच्या महापालिका शाळांत चौथीच्या मुलांना आठवड्यातून दोन तास, एका संगणकावर दोघे असे बसवून गणिताचे खेळ दिले होते. तिथे गणितात चांगली वाढ दिसली; कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात ती बरीच ओसरली, हेही खरे. बडोद्याच्या खेळात मुलाला जमते की नाही हे पाहून पुढचा प्रश्न सोपा किंवा अवघड होत असे. संगणक तिथे मुलाचे उत्तर ऐकत होता. भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर धड्याचा व्हिडिओ लावला की चाळीस मुले एकाच वेगाने तो पाहतात. फळ्यावरून उतरवून घेणे आणि हे, यांत मुलाच्या बाजूने फारसा फरक पडत नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तेव्हा चर्चा त्यांच्या पाठ्यपुस्तकांतल्या क्यूआर कोडची झाली. पण मुलांची घरची भाषा कन्नड असल्याचे ओळखून त्यांनी धडे त्या भाषेत उपलब्ध करून देण्याचे काम केले होते, त्याकडे अधिक लक्ष द्यायला हवे होते.

बडोद्यासोबतच मुंबईतही त्याच सुमारास एक प्रयोग झाला होता. ‘प्रथम’ संस्थेने महापालिका शाळांत वस्तीतल्याच तरुणी नेमल्या. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुले रोज दोन तास वेगळी घेऊन अशी ‘बालसखी’ त्यांना अक्षर-अंकापासून शिकवी. अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी त्याचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. सर्वांत मागे असलेल्या मुलांना सर्वांत जास्त फायदा झाला होता. पुढे यातूनच इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून शिकवण्याची पद्धत घडत गेली आणि ती अनेक देशांत गेली. तिची गरज किती आहे हे ‘असर’ या शैक्षणिक सर्वेक्षणातून कळते. देशाच्या ग्रामीण भागात तिसरीतल्या ज्या मुलांना दुसरीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०२२ मध्ये २०.५ टक्के होते, २०२४ मध्ये ते २७.१ टक्के झाले. सुधारणा नक्कीच आहे. पण उरलेल्या जवळजवळ तीन चतुर्थांश मुलांसमोर तिसरीचे पुस्तक उघडून ‘धडा पूर्ण’ करण्याला काय अर्थ उरतो? तिसरीपर्यंत प्रत्येक मुलाला वाचता यावे, हे केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे २०२६-२७ साठीचे उद्दिष्ट योग्य आहे. ते गाठायचे तर वर्गातली सगळी मुले रोज एकाच पानावर असली पाहिजेत, हा हट्ट आधी सोडावा लागेल.

इथे शिक्षकांची बाजू ऐकल्याशिवाय पुढे जाणे अन्यायाचे होईल. शिक्षण हक्क कायद्याचे कलम २४ प्रत्येक मुलाची शिकण्याची क्षमता पाहून गरजेप्रमाणे जादा मार्गदर्शन करण्याची जबाबदारी शिक्षकावर टाकते. त्याच कायद्याचे कलम २७ जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून इतर अशैक्षणिक कामे शिक्षकाला देऊ नका, असे सांगते. प्रत्यक्षात द्विशिक्षकी शाळेतली बाई एका वेळी दोन इयत्ता सांभाळते, पोषण आहाराची नोंद ठेवते, पोर्टलवर माहिती भरते, आणि ‘आज संध्याकाळपर्यंत लिंक भरावी’ हा संदेश तिच्या फोनवर ऐन तासाला येतो. सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन २०१० मध्ये आले ते मुलाचे शिकणे रोजच्या रोज पाहण्यासाठी. अनेक शाळांत त्याच्या नोंदवह्या झाल्या, आणि ‘सुवाच्य लिहितो’, ‘गणितात रुची घेतो’ अशी तयार वाक्ये एका वहीतून दुसऱ्या वहीत उतरत गेली. मुलीचे ३५ ऐकायला जी दहा मिनिटे लागतात, ती या सगळ्यात हरवतात. म्हणून शिक्षकाला नवी पद्धत शिकवण्याआधी त्याच्या दिवसातले काय कमी करणार, हे खात्याने सांगायला हवे.

एक शिक्षक आणि अनेक इयत्ता या स्थितीवर देशात उत्तरे शोधली गेली आहेत. आंध्रातल्या ऋषी व्हॅलीच्या ग्रामीण केंद्राने अभ्यासकार्डांची शिडी तयार केली. प्रत्येक मूल आपल्या पायरीवर काम करते, आणि शिक्षक ज्या गटाला गरज आहे त्याच्याजवळ बसतो. कर्नाटकात म्हैसूर जिल्ह्यातल्या हेग्गडदेवनकोटे तालुक्यात १९९५ च्या सुमारास सुरू झालेली ‘नली कली’ आणि तमिळनाडूने चेन्नईच्या शाळांपासून सुरुवात करून २००७ मध्ये राज्यभर नेलेली कृतिआधारित पद्धत, ही त्याचीच पुढची रूपे. मोठ्या प्रमाणावर नेताना तिथेही कार्डे यांत्रिक झाल्याच्या तक्रारी झाल्या. ते स्वाभाविक होते. कार्ड मुलाला काम देते, ‘हे कसे केलेस?’ हा प्रश्न कार्ड विचारू शकत नाही.

शहरातल्या इंग्रजी माध्यमाच्या पालकांसाठीही यात विचार करण्यासारखे आहे. नीटनेटकी वही, रोजचा गृहपाठ, चकचकीत प्रकल्प यावरून शाळेची पारख होते, आणि प्रकल्प रात्री आईबाबा करतात हे सर्वांना माहीत असते. आपण कसा विचार केला हे सांगायला मुलाला ज्या भाषेत शब्द सुचतात, त्या भाषेत बोलायची वर्गात परवानगी आहे का, हे पालकसभेत विचारावे. परवानगी नसेल तर त्या वर्गात उत्तरे ऐकू येतील, पण मुलाचा विचार कानावर पडणार नाही.

प्रशिक्षणाचा मार्ग मोठमोठ्या सभागृहांतून आणि दिवसभराच्या ऑनलाइन सत्रांतून जातो तोवर फार बदल होणार नाही. एका केंद्रात येणाऱ्या दहाएक शाळांचे शिक्षक दरमहा शिक्षण परिषदेसाठी एकत्र येतात. बहुतेक वेळा तिथे वरून आलेली परिपत्रके वाचली जातात. त्यातला निम्मा वेळ मुलांच्या वह्यांना द्यावा. प्रत्येकाने आपल्या वर्गातल्या पाच मुलांनी चुकवलेले एकच गणित किंवा एकच उतारा आणावा, चूक कुठून आली याचा सर्वांनी मिळून अंदाज करावा, आणि महिनाभरात त्या मुलाला प्रत्यक्ष विचारून पुढच्या बैठकीत सांगावे. केंद्रप्रमुखांनी शाळाभेटीत रंगलेली भिंत पाहावी, तिचे कौतुकही करावे, आणि मग एका मुलाजवळ बसून त्याची वही उघडून त्याला बोलते करावे. विस्तार अधिकाऱ्यांनी भेटीच्या नोंदीत त्यासाठी एक रकाना ठेवावा आणि त्याबदल्यात दुसरे दोन काढून टाकावेत. यासाठी नवा निधी लागत नाही. लागतो तो शिक्षण परिषदेच्या विषयपत्रिकेतला मोकळा वेळ, आणि तो येत्या सत्रापासूनच मिळावा.